सोळा दिवस ओपीजी माझ्याच कपाटात

खालच्या जबड्यावर, डाव्या सुळ्याच्या मागे आलेला फुगवटा मी दोन महिने 'उष्णता झाली असेल' म्हणत गुळण्यांवर काढला. दुखत नव्हता ना! दात हलायला लागला तेव्हा नौपाड्यात डॉक्टरांकडे गेले. ओपीजीत, म्हणजे दोन्ही जबड्यांच्या मोठ्या एक्स-रेत, मुळांखाली काळी पोकळी दिसली. बायोप्सी झाली, म्हणजे तपासायला गाठीचा तुकडा काढला, चार टाके, आठवडाभर पेज.

मग लॅब. रिपोर्ट आठ दिवसांत म्हणाले होते. नवव्या दिवशी फोन केला, "प्रोसेसमध्ये आहे." बाराव्या दिवशी तेच. 16व्या दिवशी हाफ डे टाकला, कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर रिक्षात घामाघूम झाले आणि काउंटरवर उभी राहिले. तिथल्या मुलाने मान वर न करता पुन्हा तेच ऐकवलं. मी हललेच नाही. मागे रांग कुरकुरायला लागली तेव्हा आतून एक मॅडम आल्या.

तुकड्यात हाडाचे कण होते म्हणे. ते आम्लात मऊ केल्याशिवाय पातळ काप निघत नाहीत, त्याला दिवस लागतात. बरं, मान्य. पण फॉर्मवर 'जबड्याची गाठ' एवढंच खरडलेलं, आणि ओपीजी जोडलेलाच नाही! "जबड्याच्या गाठी नुसत्या स्लाइडवर ठरवता येत नाहीत हो, एक्स-रे लागतोच." मग एक फोन करायला काय झालं होतं? मी इकडे रात्र रात्र कॅन्सरचा विचार करत होते आणि ओपीजी साड्यांखाली पडून होता. तेव्हा तुकड्याची बाटली लॅबला देताना फॉर्म स्वतः वाचा. वय, नेमकी जागा, सूज कधीपासून, सगळं लिहून घ्या.

ओपीजी नेऊन दिल्यावर तीन दिवसांत रिपोर्ट आला: जायंट सेल लीजन, म्हणजे मोठमोठ्या पेशी असलेली गाठ. कॅन्सर नाही. पण खाली पॅराथायरॉइड तपासायची सूचना. गळ्यातल्या त्या ग्रंथी बिघडल्या तर हाडात 'ब्राऊन ट्यूमर' होतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच (त्याच ग्रंथींचं हार्मोन) तपासलं. सगळं नॉर्मल. म्हणजे माझी गाठ सेंट्रल जायंट सेल ग्रॅन्युलोमा. आईला एवढं नाव कुठलं सांगणार. "साधी आहे गं" म्हटलं, तिने देवापुढे साखर ठेवली.

हो, एक राहिलं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर लॅबकडून स्लाइड आणि तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या, नुसता कागद पुरत नाही.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात. ही गाठ परत येऊ शकते, त्यामुळे नंतरही ओपीजी काढत राहायचेत. काढलेली गाठ पुन्हा तपासणीला जाईल, तेव्हा फॉर्म मी भरणार आहे.