दुसरीचं वर्ष संपवताना: 29 मुलं आणि दोन ओळींचा रकाना

एप्रिलमध्ये दुसरीच्या बाईंचा वेळ पेपर तपासण्यात जातो, असा सगळ्यांचा समज असतो. लेखी पेपर 20 गुणांचा, 29 पेपर दोन बैठकांत होतात. वेळ खातं ते एकेका मुलाला जवळ बसवून ऐकणं, आणि ऐकलेलं प्रगतिपत्रकाच्या दोन ओळींच्या रकान्यात बसवणं. यंदा माझं घोडं अडलं ते तिथेच.

गुणांचं गणित सोपं आहे. पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभर वर्गात चालणारं मूल्यमापन) 70, संकलित (सत्राअखेरची परीक्षा) 30. त्या तिसात तोंडी-प्रात्यक्षिक 10 आणि लेखी 20. आकारिक 52 आणि संकलित 21 मिळून 73, म्हणजे ब-1 श्रेणी. एक्सेलमध्ये सूत्र टाकलं की संपलं.

वाचन ऐकायला मात्र सूत्र नाही. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या उद्दिष्टाप्रमाणे दुसरीअखेर मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला 45 ते 60 शब्द या वेगाने, समजून वाचायला हवा. यातला ‘अनोळखी’ हा शब्द महत्त्वाचा. पाठ्यपुस्तकातला धडा एप्रिलपर्यंत निम्म्या वर्गाला तोंडपाठ असतो; बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या ओळीवर. शंका आली तर ओळीतल्या शेवटच्या शब्दापासून उलटं वाचायला सांगा, लगेच कळतं. मी 70 शब्दांचा परिच्छेद स्वतः लिहून मोठ्या अक्षरांत छापला, आणि तसे तीन वेगवेगळे केले. एकच ठेवला तर दहाव्या मुलापर्यंत तो आख्ख्या वर्गाला पाठ होतो.

मोबाइलवर एक मिनिट लावायचं आणि आपल्या प्रतीवर चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारायची. 52 शब्द वाचले, 4 चुकले, तर नोंद 48. मुलाने अडखळून स्वतःच दुरुस्त केलं तर ती चूक नाही. घरी ‘पानी’ म्हणणारं मूल ‘पाणी’ला ‘पानी’ वाचतं, तीही वाचनातली चूक नाही. त्याने शब्द ओळखलाय. ‘सूर्य’ला ‘सूरय’ म्हणणं ही मात्र चूक, कारण तिथे रफार कळलेला नाही. मग तीन प्रश्न, त्यातला एक तरी ‘असं का झालं असेल?’ या जातीचा. भराभर 60 शब्द वाचून या प्रश्नाला गप्प बसणारी मुलं दरवर्षी चार-पाच निघतात. वेगाचा आकडा बघून त्यांना सोडून देऊ नका.

गणिताच्या तोंडीत मी दोनच गोष्टी बारकाईने बघते. पहिली, संख्या ऐकून लिहिणं. ‘त्रेसष्ट’ म्हटलं की 36 लिहिलं जातं, कारण आपल्या संख्यानामात एकक आधी ऐकू येतो. ‘एकोणसाठ’ला 69 लिहिणारे तर बरेच, ‘साठ’ ऐकलं, पुढे नऊ जोडले. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मी आजही दोन्ही प्रकारे विचारते. ‘साठ तीन’ बरोबर लिहून ‘त्रेसष्ट’ चुकणाऱ्या मुलाचं गणित पक्कं आहे, नाव कच्चं आहे, आणि या दोन दुखण्यांवरचे उपाय वेगळे. दुसरी गोष्ट, 52 वजा 17. उत्तर 45 आलं तर मुलाने खालच्या 7 मधून वरचे 2 काढलेत. त्याला आणखी दहा उदाहरणं देऊन उपयोग नाही. काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवा, आणि एक गठ्ठा त्याच्या हाताने सोडवून घ्या.

आता वेळेचं बघा. वाचनाला मुलामागे 7 मिनिटं, गणिताला 5. 29 मुलांची 348 मिनिटं. सकाळच्या शाळेत रोज 40 मिनिटं हाती लागली तरी नऊ दिवस. हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलणाऱ्यांचे आकडे अंदाजाचे असतात, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. एक एप्रिलला सुरुवात करा.

बाकीच्या 28 जणांनी तोवर काय करायचं? चित्र रंगवायला दिलंत तर दहा मिनिटांत ‘बाई, झालं’ सुरू. खोट्या नोटांचं दुकान जास्त टिकतं. त्याहून टिकतं प्रत्येकाचं स्वतःचं ‘माझं दुसरीचं पुस्तक’: ए-फोरचे 4 कागद मधोमध दुमडले की 16 पानं, वर जुन्या कॅलेंडरचं जाड पान. नेहमीचा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही, म्हणून शिवायचं. घडीवर दाभणाने तीन भोकं आधीच पाडून ठेवा, दाभण मुलांच्या हाती नको. सुमारे 50 सेंटिमीटर दोरा. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, तिथून थेट खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि दोन्ही टोकांची गाठ मधल्या लांब टाक्यावर. पहिल्या पानावर जूनच्या वहीतून कापलेलं स्वतःच्या हातचं नाव, समोरच्या पानावर आजचं. पुढच्या पानांवर आवडलेली गोष्ट, पाच मित्रांची नावं, घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा. रोज दोन पानं, आठ दिवस.

आता तो रकाना. प्रगतिपत्रकात ‘विशेष प्रगती’, ‘आवड-छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ अशा तीन जागा. व्हॉट्सअपवर तयार नोंदींच्या याद्या फिरतात: ‘उपक्रमात उत्साहाने सहभाग घेतो’, ‘वाचनाची आवड आहे’, ‘लेखनात सुधारणा आवश्यक’. मी लिहिलं होतं, ‘अनोळखी परिच्छेद मिनिटाला 48 शब्द वाचतो, रफाराच्या शब्दांशी थांबतो.’ तपासणीत सगळी 29 प्रगतिपत्रकं परत आली. आकडे नकोत, नोंदी यादीप्रमाणे हव्यात, सगळ्या वर्गांत सारखेपणा दिसायला हवा. तोंडी सांगितलं, लेखी मागितलं तर मिळालं नाही. निकाल 1 मेला, झेंडावंदनानंतर. हातात दोन रात्री.

वर्णनात्मक नोंद सारखी कशी असेल? मग ‘वर्णनात्मक’ म्हणता तरी कशाला? ‘लेखनात सुधारणा आवश्यक’ वाचून आईने घरी काय करायचं? ती मुलाला पानभर शुद्धलेखन देणार, आणि पोराची अडचण काना-मात्रा सुटण्याची. तिसरीच्या बाईंनाही त्या वाक्यातून काही मिळत नाही. जूनमध्ये त्या पहिल्यापासून चाचपडणार.

शेवटी मधला मार्ग काढला. आकडे आकारिक नोंदवहीतच ठेवले, ती शाळेतच राहते. प्रगतिपत्रकात त्याच गोष्टी आकड्यांशिवाय उतरवल्या: ‘नवीन गोष्ट न अडता वाचतो’, ‘रफाराचे शब्द रोज पाच वाचून घ्यावेत’. ‘सुधारणा आवश्यक’मध्ये दोषाऐवजी काय करायचं ते लिहिलं की तपासणारेही हरकत घेत नाहीत, असा अनुभव आला. वाक्य दहा शब्दांच्या आत ठेवा, रकाना तेवढाच आहे. आधी पेन्सिलने लिहा, मंजुरी मिळाल्यावर पेनने गिरवा. पांढरी शाई लावलेलं पत्रक पालकांच्या हातात द्यायला बरं दिसत नाही. आणि तिसरीच्या बाईंसाठी मुलामागे एक चिठ्ठी वेगळी करा, त्यात आकडे बिनधास्त लिहा. ती चिठ्ठी कुणी तपासत नाही.

एक राहिलं. ऊसतोडीहून एप्रिलमध्ये परतलेल्या मुलांचे दुसऱ्या सत्राचे रकाने कोरे असतात. अंदाजे भरू नका. मूल तिकडे शाळेत जात होतं का ते विचारा, शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं) मागा, आणि त्यांचं वाचन सगळ्यात आधी ऐका, म्हणजे त्यांच्यासाठी तीन आठवडे तरी हाताशी राहतात.

उंचीच्या पट्ट्यांचं तर विसरलेच. जूनमध्ये प्रत्येकाच्या उंचीएवढी कागदी पट्टी कापून नाव घालून ठेवायची, एप्रिलमध्ये दुसरी कापायची, आणि दोन्ही शेजारी धरून फरक मोजायचा. 117 वजा 112 करताना कुणी कंटाळत नाही. पट्ट्या भिंतीला चिकटपट्टीने लावू नका, वर्षभराने काढताना रंगाचे पोपडे निघतात. भोक पाडून खिळ्याला अडकवायच्या.