मुंग्या टेपवर नव्हत्या

फोंड्यातल्या आमच्या दुकानात कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला येणाऱ्या जुन्या व्हीएचएस कॅसेटींपैकी बहुतेकींना बुरशी असते. गोव्याची हवाच तशी. लोकांना वाटतं, मशीनमध्ये घातली की झालं. अशी कॅसेट तशीच चालवली तर मशीनचं टेप वाचणारं हेड चोंदतं, आणि बुरशी पुढच्या गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या कॅसेटवर जाते. म्हणून स्क्रू काढायचे आणि टेप हाताने पुढे सरकवत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. या मेहनतीचे पैसे सांगितले की गिऱ्हाइकाचा चेहरा बघावा.

डिचोलीच्या एका पन्नाशीतल्या गृहस्थांनी आणलेल्या कॅसेटवर दूरदर्शनवरची जुनी पोलीस मालिका होती. काकांनी कुवेतहून आणलेल्या व्हीसीआरवर घेतलेली. पुसूनही चित्रभर मुंग्या. चित्र जुळवायचं ट्रॅकिंगचं बटण फिरवलं, मशीन बदललं, ढिम्म फरक नाही. टेप खराब असली की आडव्या पांढऱ्या रेघा येतात, नाहीतर खालचा पट्टा थरथरतो. इथे प्रत्येक माणसाच्या उजवीकडे त्याचीच फिकट सावली होती. सिग्नल डोंगरावर आपटून दुसऱ्यांदा, जरा उशिरा पोचला की असं होतं. म्हणजे दुखणं अँटेनाचं, आणि तेच टेपवर उतरलेलं. शेवटच्या प्रसंगाआधी मात्र सावली विरली, चित्र लख्ख.

मालिका यथातथाच. इन्स्पेक्टर एकाच टेबलामागे बसून फोन घेतो. जीप दिसते ती उभी. शेवटी खुनी कुणी न विचारता सगळं ओकून टाकतो. लेखकाला घरी जायची घाई असावी.

गृहस्थ दुकानातच बघायला बसले. चित्र लख्ख झालं तसे खुर्चीतून उठले. "बाब, हा मी! छपरावर अँटेना धरून मी, आणि खालून भाऊ ओरडतोय, हलू नको म्हणून." शेवट त्यांनी तेव्हा पाहिलाच नव्हता. नंतर कॅसेट काकांच्या कपाटात, पोरांना हात लावायची बंदी.

खुन्याने कबुली दिली. पाट्या सुरू झाल्या.

"इतकंच?"

"मालिकाच तशी आहे," मी म्हटलं. "टेपचा दोष नाही."

माझ्याकडे दोन फाइली होत्या. एक जशीच्या तशी, दुसरी फिल्टर लावून मुंग्या घालवलेली. दुसरीत चेहरे जरा मेणचट दिसतात, पण लोक तीच मागतात. जपायचं काय, मालिका की त्या घरात दिसलेलं चित्र, हे माझं अजून ठरलेलं नाही. त्यांचं लगेच ठरलं.

"मुंग्यांचीच द्या, भावाला दाखवायचीय. आणि मुंग्या काढायचे पैसे बिलातून वजा करा."

केले. बुरशीचे मात्र पुरते घेतले.