पाटी: हेक्स ३६ वर दोन बिऱ्हाडं

मंडळी, पाटी (माझं स्वतः बनवलेलं, लिनक्सवर चालणारं स्क्रीनवालं यंत्र) पुन्हा चालू झाली! आता बॅटरीचा टक्का खरा वाटतो आणि पहिल्यांदाच करंटसुद्धा दिसतोय. पण त्याआधी या बॅटरी बोर्डाने जीव खाल्ला. ते सविस्तर लिहिते, कारण पाटीसारखं काही बनवणाऱ्या प्रत्येकाला हे आज ना उद्या भेटणारच.

जुना बोर्ड कनेक्टरपाशी सैल झाला होता, म्हणून पुण्यातल्या तपकीर गल्लीतून तसाच दुसरा आणला. निळी पीसीबी तीच, छिद्रं त्याच जागी, फक्त गेज चिपच्या (बॅटरी किती उरली ते सांगणाऱ्या चिपच्या) शेजारी एक चपटा रेझिस्टर जास्तीचा. मी विचारलं, "काका, यावर गेज चिप कोणती?" "तीच हो मॅडम, १७०४३. लॉट फक्त नवीन आहे." आयटूसी बसवर कोणत्या पत्त्यावर चिप आहे ते दाखवणारं आयटूसीडिटेक्ट चालवलं, हेक्स (सोळाच्या पायातल्या) ३६ या पत्त्यावर चिप हजर. ओव्हरले (कोणती चिप कुठे आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) तोच ठेवला, मॅक्स१७०४० ड्रायव्हर चढला, ३६ च्या जागी यूयू (ड्रायव्हरने पत्ता ताब्यात घेतल्याची खूण) आलं, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) एकही तक्रार नाही.

आणि बूट झाल्यावर पाटी आपोआप बंद. परत चालू केली, परत बंद. टक्का ५ च्या खाली गेला की पॉवरऑफ करणारी एक सर्व्हिस मी पाटीवर ठेवली आहे. तिला कपॅसिटीच्या फाइलमध्ये (ड्रायव्हर टक्का दाखवतो ती) ० मिळत होता. एसडी कार्ड काढून लॅपटॉपवर ती सर्व्हिस बंद केली, तेव्हा कुठे आत शिरता आलं.

कपॅसिटी ०. व्होल्टेज_नाऊ २५६८७५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे २.५७ व्होल्ट. मल्टीमीटरवर सेल ३.८७ दाखवत होता. चार्जर लावला तरी २५६८७५०, स्क्रीन आणि वायफाय दोन्ही चालू करून लोड दिला तरी २५६८७५०. शेवटचा आकडासुद्धा हलेना. खऱ्या सेलचं व्होल्टेज इतकं निश्चल कधीच नसतं. सोल्डर तपासला, बसचे पुलअप रेझिस्टर तपासले, बसचा वेग कमी करून पाहिला. सगळं ठीक.

मग आकडा उलट सोडवायला घेतला. १७०४३ साठी ड्रायव्हर रजिस्टर (चिपमधला आकड्याचा कप्पा) २ वाचतो, ४ बिट उजवीकडे सरकवतो आणि १२५० ने गुणतो. २५६८७५० भागिले १२५० म्हणजे २०५५, हेक्समध्ये ८०७. म्हणजे वाचलेला दोन बाइटांचा शब्द ८०७ ने सुरू होणारा. हा ड्रायव्हर मोठा बाइट आधी धरतो. चिप जर धाकटा बाइट आधी पाठवत असेल, तर मूळ शब्द ७एफ८० असू शकतो. हा आकडा मी कुठेतरी पाहिला होता! मॅक्सिमच्याच १७०४२ च्या डेटाशीटमध्ये रजिस्टर २ हे तापमानाच्या अलार्मची मर्यादा आहे, आणि त्याची डिफॉल्ट किंमत ७एफ८०. रजिस्टर ४ तिथे ॲटरेट नावाची वेगळीच नोंद, डिफॉल्ट ०. ड्रायव्हर अलार्मच्या मर्यादेला व्होल्टेज समजत होता आणि ॲटरेटला टक्का. त्या क्षणी जो आनंद झाला तो सांगता येणार नाही.

मुद्दा हा की एकाच पत्त्यावर दोन बिऱ्हाडं आहेत. १७०४०, १७०४३, १७०४८ हे कुटुंब फक्त व्होल्टेजवरून चार्जचा अंदाज बांधतं. त्याला शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) लागत नाही, म्हणून त्या ड्रायव्हरमध्ये करंट_नाऊ मिळतच नाही. १७०४२, १७०४७, १७०५०, १७०५५ हे दुसरं कुटुंब शंटमधून जाणारा करंट मोजतं. रजिस्टरांचा नकाशा वेगळा, बाइटांचा क्रम उलटा आणि ड्रायव्हर मॅक्स१७०४२. दोघांचाही पत्ता हेक्स ३६. गॅलॅक्सी एस३ ची मेनलाइन (मूळ लिनक्स कर्नलमधली) डीटीएस, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन करणारी डिव्हाइस ट्रीची फाइल, उघडून पाहा, तिथे ३६ वर १७०४७ आहे. बीक्यू२७४४१ हा दुसरा गेज असता तर ५५ वर दिसला असता, सीडब्ल्यू२०१५ असता तर ६२ वर, स्मार्ट बॅटरी असती तर ०बी वर. तिथे पत्त्यावरून बराच अंदाज येतो, इथे काहीच येत नाही. आणि कर्नल ओव्हरलेच्या कंपॅटिबलमध्ये चिपचं जे नाव लिहिलंय त्यावर विश्वास ठेवतो.

खात्री करायला ड्रायव्हर उतरवून आयटूसीगेटने रजिस्टर २१ वाचलं, तिथे डेव्हनेम (चिपची ओळख सांगणारा आकडा) असतं. उत्तर ४०१०. म्हणजे १७०५५! रजिस्टर ९ वाचलं, सी१८० आलं, दशमानात ४९५३६. ४९५३६ गुणिले ७८.१२५ मायक्रोव्होल्ट, बरोबर ३.८७. कंपॅटिबल बदललं, मॅक्स१७०४२ मॉड्यूल चढवलं आणि व्होल्टेज जिवंत झालं. आयटूसी-टूल्ससारखं भरवशाचं हत्यार दुसरं नाही. ड्रायव्हर लावण्याआधी कच्ची रजिस्टरं बघायची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. आणि दुकानात चिपचा नंबर विचारून भागत नाही, भिंग घेऊन जावं. (सेल मात्र मी अजूनही अधिकृत विक्रेत्याकडूनच घेते. जुन्या बाजारातून लॅपटॉपच्या पॅकमधले काढलेले सेल आणू नका, कितीही स्वस्त मिळोत.)

करंटची गोष्ट त्यामानाने लवकर सुटली. शंटची किंमत ओव्हरलेमध्ये दिल्याशिवाय ड्रायव्हर करंट दाखवत नाही. डेटाशीटमध्ये शिफारस १० मिलिओहमची आहे, म्हणून १०००० मायक्रोओहम लिहिले. २१० मिलिअँपिअर आले, सेलच्या वायरीत मीटर घातला तर ४२०. बरोबर निम्मे. तो जास्तीचा चपटा रेझिस्टर भिंगाखाली घेतला, त्यावर बारीक अक्षरात आर००५. म्हणजे ५ मिलिओहम. ५००० लिहिल्यावर मीटर आणि फाइल जुळले.

आता उरलंय डिझाइन कपॅसिटी. माझा सेल २६०० एमएएचचा, फाइल ३००० सांगते, कारण चिपच्या रजिस्टर १८ मध्ये डिफॉल्ट तेवढं आहे आणि माझ्या कर्नलमधला ड्रायव्हर डिव्हाइस ट्रीमधून ते भरत नाही. तिथे ए२८ (हेक्समध्ये २६००) लिहायचंय, सोबत चार्जिंग पूर्ण झाल्याचा करंट १ई मध्ये, रिकाम्या सेलचं व्होल्टेज ३ए मध्ये आणि शेवटी डीबी मध्ये रिफ्रेश बिट. सेल काढला की हे सगळं पुसलं जातं, म्हणून प्रत्येक वेळी स्टेटसमधला पीओआर बिट (चिप नव्याने सुरू झाल्याची खूण) बघून पुन्हा भरावं लागेल. ठरवलं होतं की इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीच्या छोट्या फाइल सिस्टीममध्ये) एक स्क्रिप्ट टाकायची, जी ड्रायव्हर चढायच्या आधी हे लिहील.

पण हे लिहिता लिहिताच वाटलं, कर्नल मी स्वतःच बिल्ड करते, तर स्क्रिप्ट कशाला? ड्रायव्हरच्या प्रोबमध्येच (तो चिपला जोडला जातो त्या कोडमध्ये) डेव्हनेम वाचून कंपॅटिबलशी ताडायचं, जुळलं नाही तर स्पष्ट एरर देऊन बाहेर पडायचं. आणि कपॅसिटी डिव्हाइस ट्रीतल्या मॉनिटर्ड-बॅटरीच्या नोडमधून घ्यायची, तिथे चार्ज-फुल-डिझाइनची प्रॉपर्टी आधीच ठरलेली आहे. ड्रायव्हरमधल्या या बदलांचे दोन वेगळे पॅच करते, आधी डेव्हनेमचा, कारण तो छोटा आहे आणि सगळ्यांच्या कामाचा. स्क्रिप्ट रद्द.

तोवर पॉवरऑफची सर्व्हिसही बदलली आहे: टक्का कमी आणि व्होल्टेज ३.३ च्या खाली, दोन्ही एकदम असेल तरच बंद करायचं. ज्यांच्याकडे १७०४७ किंवा १७०५० चा बोर्ड आहे त्यांनी रजिस्टर २१ वाचून मला आकडा कळवा, म्हणजे पॅचमधली यादी खऱ्या चिपांवर तपासून घेता येईल.