ओल्या फडक्याने पुसलेली द्राक्षं

मी नाशिकच्या एका लॅबसाठी द्राक्षाचे रेसिड्यूचे, म्हणजे फवारलेल्या औषधाचा अंश मालात किती उरलाय ते तपासायचे, सॅम्पल घेतो. जानेवारी ते मार्च घरच्यांना माझं तोंड दिसत नाही. लोकांना वाटतं बागेत जायचं, चार घड तोडायचे, पिशवीत टाकायचे, झालं. कडेच्या ओळी सोडाव्या लागतात कारण शेजारच्याचा स्प्रे उडून तिथे येतो, मग आत तिरकं तिरकं चालत वेगवेगळ्या झाडांवरचा, उन्हातला-सावलीतला, वरचा-खालचा माल घ्यायचा, फवारणीची वही बघायची, ग्रेपनेटवर, म्हणजे एक्स्पोर्टच्या बागांच्या ऑनलाइन नोंदणीत, रजिस्टर झालेला प्लॉट हाच ना ते जुळवायचं आणि पिशवी शेतकऱ्यासमोर सील करायची. तो मागून "साहेब, इकडनं घ्या ना, इकडं माल भारी आहे" करतच असतो. भारी का आहे ते आपल्याला समजतं.

युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोला 0.01 मिलिग्रॅम. बस. 2010 ला सीसीसी, म्हणजे वेलीची वाढ रोखायचं क्लोरमेक्वाट, सापडलं म्हणून कंटेनर अडकले होते, त्या सीझनचं नाव काढलं तरी जुने बागायतदार अजून गप्प होतात.

तर दिंडोरीकडचे एक तात्या. थॉमसनची, म्हणजे बिनबियांच्या द्राक्षाची बाग, रिपोर्ट क्लीन, एक्स्पोर्टवाल्याने माल उचलला. 16 एमएमच्या आतल्या बारीक मण्यांचे घड उरले ते तात्यांनी पिकअपमध्ये भरून रविवारी गंगापूर रोडला आणले. मी त्याच रस्त्याने चाललो होतो म्हणून थांबलो. बघतो तर तात्यांचा पोरगा बादलीत फडकं बुडवून एकेक घड पुसतोय! मी म्हटलं अरे काय करतोस? तर म्हणे, "पांढरं दिसलं की गिऱ्हाईक घेत नाही, पावडर मारली म्हणतं."

आता ज्याने पॅकहाऊस पाहिलंय त्याला हे बघून काय होतं ते सांगतो. ते पांढरं म्हणजे मण्याचं स्वतःचं मेण, ब्लूम म्हणतात. त्याने मण्यातलं पाणी टिकतं. पॅकिंगच्या बायका घड फक्त देठाला धरतात, मण्याला बोट लावायचं नाही, कारण बोटाचा ठसा उमटला की माल हाताळलेला दिसतो आणि सुपरवायझर बोंबलतो. त्याच बागेतला माल इथे ओल्या फडक्याने घासून चकचकीत करायचा, म्हणजे लोकांना तो स्वच्छ वाटणार. औषधाचा डाग वेगळाच असतो हो, ठिपक्या-ठिपक्यांचा, थेंब जिथे सुकला तिथे. ब्लूम अख्ख्या मण्यावर सारखा बसलेला असतो.

तेवढ्यात एक रिटायर्ड काका आले, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर चौकशी. "बी नाही म्हणजे इंजेक्शन देता ना?" मला राहवलं नाही. म्हटलं काका, एकरात हजारो घड असतात, इंजेक्शन कोण देत बसणार? थॉमसनमध्ये बी धरायला लागतं आणि मधेच थांबतं, जातच तशी आहे. बी नाही म्हणून बियांकडून मण्याला मिळणारं जिबरेलिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, कमी पडतं आणि मणी बारीक राहतो, म्हणून ज्वारीएवढा मणी झाला की मगमध्ये जीएचं, म्हणजे त्याच जिबरेलिनचं, पाणी घेऊन घड बुडवतात. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे केमिकलच ना." आणि पुढच्या गाडीवरची, कुठून आली माहीत नाही अशी, चकाचक दोन किलो घेऊन गेले. तात्यांनी रिपोर्ट लॅमिनेट करून पिकअपच्या काचेला लावला होता, मी असेपर्यंत तरी तो कोणी वाचला नाही. माझ्या लॅबचा कागद म्हणून म्हणत नाही, पण राग आला.

खरं तर राग काकांवर फार वेळ टिकला नाही. त्यांची शंका बरोबरच आहे, फक्त नको त्या गोष्टीवर आहे. पुसून जातं ते ब्लूम. भ्यायचं असेल तर आंतरप्रवाही औषधाला भ्या, ते मण्याच्या आत असतं, डोळ्यांना दिसत नाही, फडक्याने निघत नाही, आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबले ते वहीशिवाय कळत नाही. आणि ती वही मागतो कोण? युरोपचा खरेदीदार. आपल्या मंडईत आजवर मला वही मागणारा भेटलेला नाही, ना व्यापारी ना गिऱ्हाईक. तात्यांचाच रस्त्याच्या पलीकडचा प्लॉट लोकलचा आहे. तिथे वही आहे का विचारलं तर हसले. "लोकलला काय करायची वही?"

दुपारपर्यंत पिकअप रिकामी झाली, सगळा पुसलेला माल गेला. संध्याकाळी तात्यांचा फोन. म्हणाले, "साहेब, तुमचं ते काकांना सांगणं ऐकत होतो. पुढच्या साली लोकलच्या प्लॉटचं पण सॅम्पल घ्याल का, काय पडतील?"

मी फी सांगितली.

"एवढ्यात तर माझे दोन स्प्रे होतात," म्हणाले, आणि विषय बदलून केवडा रोगासाठी नवीन औषध काय आलंय ते विचारायला लागले.