चुंबक लावला आणि काम झालं

बाहेर जळगावचं ऊन, आत हॉटप्लेट. तरी आज मूड मस्त. बेंझाल्डिहाइड आणि मॅलोनोनायट्राइल या दोन रसायनांची रिअॅक्शन इथेनॉलमध्ये संपली. गरम असतानाच फ्लास्कला बाहेरून निओडिमियमचा चुंबक लावला. काळपट द्रावण बघता बघता नितळ झालं, सगळा कॅटॅलिस्ट, म्हणजे रिअॅक्शनला वेग देणारी पूड, काचेच्या एका बाजूला! वरचं द्रावण ओतून घेतलं, थंड झाल्यावर प्रॉडक्टचे स्फटिक. ना सेंट्रिफ्यूज, ना फिल्टर पेपरचा ताप.

लॅबमधले मामा म्हणाले, "भाऊ, हाई ते लोखंडना कीस शे!" तसंच म्हणा. मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडचे नॅनोकण, वर सिलिकाचा थर, त्यावर अमाइन (नायट्रोजन असलेला बेसिक गट). रिअॅक्शनला वेग द्यायचं काम अमाइन करतं. कण साधारण २० नॅनोमीटरहून लहान असले की चुंबक काढताच त्यांचं चुंबकत्व जातं, म्हणून ते पुन्हा द्रावणात पसरतात. खरी गंमत इथेच आहे.

पण पेपरात 'रीयुजेबल' लिहिणं सोपं हो! दर धुण्यात थोडा माल जातोच, अमाइन सुटलं तर यील्ड, म्हणजे हाती येणारं प्रॉडक्टही घसरतं. आणि धुवायला लागलेलं इथेनॉल कोण मोजणार? अनास्टस आणि वॉर्नर यांच्या १९९८ च्या ग्रीन केमिस्ट्रीच्या १२ तत्त्वांत पहिलंच तत्त्व कचरा होऊ न देण्याचं आहे.

असो. कॅटॅलिस्ट ओव्हनमध्ये वाळतोय, उद्या तोच परत लावायचा.