खाज नसलेली सूज

मे महिन्यात आमच्याकडे कुणाचा ओठ सुजला की शेजारपाजारचे आधी काजूवर येतात. बिया फोडताना चीक लागला असेल. नाहीतर बांगडा शिळा असेल. दोन्ही कारणं खरी असतात, म्हणून ती लगेच पटतात. आईने त्या दिवशी पिठी-भात खाल्ला होता आणि काजूच्या बागेत गेली नव्हती. तरी संध्याकाळी खालचा ओठ फुगला आणि तासाभरात जीभही जड झाली. "माका काय झाला नाय गो," असं ती म्हणाली खरी, पण शब्द बोबडे येत होते आणि ती सारखी पदराने लाळ पुसत होती.

जवळच्या सरकारी दवाखान्यात रात्रपाळीला बाँडवर आलेले तरुण डॉक्टर होते. त्यांनी वेळ न घालवता मांडीत ॲड्रेनॅलिन दिलं, शिरेतून ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही ॲलर्जीवरची नेहमीची औषधं दिली, आणि घड्याळ बघत उभे राहिले. सूज तसूभर हलली नाही. मग त्यांनी विचारलं, "काकी, अंगावर पित्त उठलंय? कुठे खाज?" आईने मान हलवली. नाही. "बीपीची गोळी कुठली?" गोळ्यांची पिशवी मी बरोबर आणली होती. रॅमिप्रिलची पट्टी हातात घेतल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

त्यांनी उभ्याउभ्याच समजावलं. ही गोळी ज्या एन्झाइमला रोखते, तेच एन्झाइम शरीरातलं ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन मोडत असतं. मोडणं थांबलं की ते साचतं, बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि मऊ जागा फुगतात: ओठ, जीभ, घसा, कधी आतडंही. ॲलर्जीतलं हिस्टामिन यात नसतं, त्यामुळे खाज नाही, गांधी नाहीत आणि नेहमीच्या इंजेक्शनांचा फारसा उपयोगही नाही. गोळी घेणाऱ्या हजारांत एक ते सात जणांना असं होतं. "पण आई तर किती वर्षं घेतेय," मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, पहिल्या आठवड्यात होऊ शकतं तसं कित्येक वर्षांनीही होतं.

आमच्या भागात मोठं दुखणं म्हणजे बांबोळी, गोव्यातला मोठा सरकारी दवाखाना. १०८ची गाडी आली. आईला आडवं करायचं नाही, बसवूनच न्यायचं, अशी ताकीद मिळाली. गाडीतल्या डॉक्टरांनी बांदा, पत्रादेवी, म्हापसा असा सगळा रस्ता आईला अधूनमधून आकडे मोजायला लावले. सूज किती दिसते यापेक्षा आवाज घोगरा होतो का, थुंकी गिळता येते का, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो का, याकडे त्यांचं लक्ष होतं. मला तोवर वाटत होतं की चेहरा जितका सुजलेला तितका धोका मोठा. हिशोब वेगळाच निघाला. सूज ओठ-गालांपुरती असेल तर बहुतेकांना लक्ष ठेवून घरी सोडतात. ती टाळू, मग जीभ, मग स्वरयंत्र अशी मागे सरकत जाते तसतसा आयसीयूचा आणि श्वासासाठी घशात नळी घालण्याचा संभव वाढतो. आईची जिभेवर आली होती.

आयसीयूत कान-नाक-घसावाल्या डॉक्टरबाईंनी नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहिलं. भूलतज्ज्ञ शेजारी उभे. कुणीतरी आईच्या गळ्यावर पेनाने एक खूण केली. मी विचारलं तेव्हा कळलं, नळी घालायला तोंडातून वाट मिळाली नाही तर तिथे छेद द्यायचा. संमतीच्या कागदावर सही करताना माझा हात थरथरला, पण ती खूण आधीच करून ठेवणारी माणसं आहेत याचा धीरही वाटला. नळी घालायचीच तर ती वेळेत, रुग्ण जागा असताना. पूर्ण बंद झालेल्या घशात घालणं फार अवघड, असं त्यांनी सांगितलं. स्वरयंत्र मोकळं होतं. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड दिलं, रक्तपेढीतून प्लाझ्मा मागवला आणि दर थोड्या वेळाने पुन्हा बघत राहिले.

दरम्यान प्रश्नांची सरबत्ती. वय? पासष्टच्या पुढे. बाई. कोरडा खोकला? होता, वर्षभर, आम्ही अडुळसा देत होतो, तो खोकलाही याच गोळीचा. मधुमेहाला काय? व्हिल्डाग्लिप्टिन. इथे डॉक्टरबाई थांबल्या. रॅमिप्रिलच्या जोडीला हे औषध असलं की अशा सुजेचा धोका वाढतो. विडी-सिगारेट? आईने बोलता येत नसताना खुणेने दातांवरून बोट फिरवून मशेरी सांगितली, आणि नर्सला हसू आवरेना. घरात आणखी कुणाला अशी सूज, वरचेवर पोटात कळा? आनुवंशिक प्रकार असतो, पण तो बहुधा लहानपणी किंवा तरुणपणीच दिसतो. तरी त्यासाठीची सी-४ नावाची रक्ततपासणी केली, ती ठीक आली.

जागरणाच्या त्या रात्री आणखी एक कळलं. रॅमिप्रिलच्या जातीच्या गोळ्यांचा उगम ब्राझीलमधल्या जाराराका नावाच्या विषारी सापाच्या विषात आहे. त्यावरून कॅप्टोप्रिल तयार झालं आणि १९८१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. फुरशांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटावं! अर्थात हजारो लोकांचं हृदय आणि मूत्रपिंड हीच औषधं सांभाळतात, तेव्हा आईची गोष्ट ऐकून कुणी आपली गोळी परस्पर बंद करू नये.

सकाळपासून जीभ उतरत गेली. नळीची वेळ आली नाही. घरी सोडताना कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिलं: रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, 'प्रिल'ने संपणारं काहीही पुन्हा कधी नाही. गोळी थांबवल्यावरही काही आठवडे सूज परत येऊ शकते, तसं झालं तर थेट मोठ्या दवाखान्यात. तो कागद आईच्या बटव्यात असतो आणि त्याची प्रत बाजारातल्या औषधवाल्याकडे.

मधुमेहाची गोळी बदलली, बीपीला ॲम्लोडिपिन आलं. खोकला गेला. आता पायाचे घोटे थोडे सुजतात आणि आई पाय पुढे करून विचारते, "ही सूज खंयची?" डॉक्टर म्हणाले, ॲम्लोडिपिनने घोट्यांवर येते ती, घशाशी तिचा संबंध नाही. तिला ते अजून पटलेलं नाही.