नवीन फिल्टर प्लांट झाला, आता चालवणार कोण?

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, गिरणाकाठचं तालुक्याचं गाव आहे, जळगाव जिल्ह्यातले ओळखतील आणि नाही ओळखलं तरी चालेल कारण खान्देशात अशी गावं ढिगाने आहेत जिथे चार-पाच दिवसांनी नळ येतात आणि सकाळी गल्लीत पहिला प्रश्न 'पानी उनं का?' (पाणी आलं का?) हाच असतो. तर आमच्याकडे नवीन फिल्टर प्लांट उभा राहिलाय. रंगसुद्धा मारून झाला, ट्रायल लवकरच म्हणतात. माझं पाईप फिटिंगचं दुकान आहे, साईटवरचे सुपरवायझर सामानाला यायचे, त्यांच्या मागे लागून आत जाऊन बघून आलो. मी काही इंजिनियर नाही, पण पाण्याच्या धंद्यात केस पिकले आता.

पैसा अमृत 2.0 चा, म्हणजे केंद्राच्या शहरी पाणी योजनेचा. आधीची अमृत 2015 ची होती, ती 500 शहरांपुरती, त्यात आपल्यासारख्यांना कोण विचारतो, 2021 च्या ऑक्टोबरात दुसरी आली तिच्यात लहान नगरपालिका पण धरल्या. हिशोब साधा असतो. समजा 60 हजार लोकवस्ती, माणशी 135 लिटर, म्हणजे दिवसाला 81 लाख लिटर, वरून गळती 15 टक्के धरली की झाले साडेनऊ एमएलडीच्या आसपास. एक एमएलडी म्हणजे दिवसाला 10 लाख लिटर. पुढची पंधरा वर्षं वाढणारी वस्ती धरून आकडा अजून वर जातो. गळती 15 टक्के हे वाचून मला हसू आलं ते सोडा.

आपल्या पाण्याचा खरा त्रास काय आहे, ते एकसारखं येतच नाही. गिरणा धरण तिकडे नांदगावजवळ, तिथून आवर्तन (ठराविक वेळी सोडलेलं धरणाचं पाणी) सुटतं, नदीच्या कोरड्या पात्रातून वाट काढत काढत आपल्या जॅकवेलपर्यंत (नदीचं पाणी उपसायची विहीर) यायला दिवस लागतात आणि पहिला लोंढा येतो तो काय काय घेऊन येतो, माती, पालापाचोळा, प्लास्टिक, वरच्या गावांची घाण. दोन आवर्तनांच्या मध्ये डोहात पाणी साचून हिरवं होतं, वास मारतं. पावसाळ्यात तर चहासारखं. म्हणजे एकाच वर्षात तीन प्रकारचं पाणी, आणि प्लांटने ते सगळं गिळून बाहेर एकसारखं द्यायचं. भारतीय मानक सांगतं गढूळपणा 1 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं माप) आत पाहिजे, दुसरा पर्यायच नसेल तर 5 पर्यंत.

जुन्या प्लांटवर तुरटीच्या लाद्या टाकीत टाकून ठेवायचे, विरघळेल तशी विरघळेल, आणि आमचे आबा (तिथले जुने ऑपरेटर, आता रिटायर) पाणी ओंजळीत घेऊन बघायचे आणि सांगायचे अजून दोन टाक. खरं सांगू, आबांचा अंदाज फार कमी वेळा चुकायचा. पण आबा रजेवर गेले की गावाला कळायचं!

नवीन प्लांटमध्ये यासाठी एक छोटी लॅब केलीय, मला सगळ्यात जास्त आवडली ती हीच खोली, बाकी काँक्रीट सगळीकडे सारखंच. सहा काचेची भांडी एका ओळीत, प्रत्येकात नदीचं तेच पाणी, वरून ढवळायचे सहा पंखे. प्रत्येक भांड्यात गाळ बसवायचं औषध कमी-जास्त, एकात 10 मिलिग्रॅम, दुसऱ्यात 20, तिसऱ्यात 30 असं. आधी जोरात ढवळायचं, मग अगदी हळू, मग बंद. माझ्यासमोर एकाने करून दाखवलं. पहिल्या भांड्यात काहीच नाही, नुसतं मळकट पाणी. तिसऱ्यात बघता बघता कापसासारखे पुंजके धरले आणि हळूहळू तळाला बसले, वर पाणी स्वच्छ. शेवटच्या भांड्यात औषध जास्त, पण पाणी तिसऱ्यापेक्षा काही चांगलं नाही, म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः. याला जार टेस्ट म्हणतात. लिटरला 20 मिलिग्रॅम लागलं तर 9 एमएलडीला दिवसाला 180 किलो औषध जातं, त्यामुळे अंदाजपंचे जास्त टाकणं पण परवडत नाही आणि कमी टाकलं तर ते गढूळ पाणी पुढे जाऊन फिल्टरची रेती चोंदून टाकतं.

रेतीवरून आठवलं. गिरणेच्या काठावर राहतो, रात्री-अपरात्री रेतीचे ट्रॅक्टर कसे पळतात ते सगळ्यांना माहितीये, आणि फिल्टरसाठी रेती आली गुजरातहून, पोत्यात भरून! कारण एकाच मापाचा दाणा लागतो, साधारण अर्धा मिलिमीटर, चाळून धुतलेला, नदीची रेती तशीच ओतली तर बारीक दाणे फटी बुजवतात. खाली गोट्यांचे थर, वर दीडेक हात रेती. ती चोंदली की खालून हवा सोडायची आणि मग उलटं पाणी मारून धुवायची.

टाक्यांची चाचणी उन्हाळ्यात आली तेव्हा मात्र मजा झाली. हौद पूर्ण भरून सात दिवस ठेवतात, लेव्हल किती उतरते बघतात. गावाला पाणी नाही आणि इथे हौद भरलेला, बायका हंडे घेऊन गेटवर गेल्या, बरोबरच होतं त्यांचं. सुपरवायझर बिचारा हात जोडून सांगतोय ताई हे पाणी शुद्ध नाही हो.

आता माझं म्हणणं. जार टेस्ट रोज झाली पाहिजे आणि आवर्तनाचा लोंढा येतो त्या दिवशी तर दर दोन-तीन तासांनी, रात्री पण. त्यासाठी शिकलेला केमिस्ट पाहिजे, तीन पाळ्यांचे ऑपरेटर पाहिजेत. क्लोरीन गॅसचा टनर (मोठा सिलिंडर) येतो तो 900 किलोचा, गळती झाली तर मास्क घालून तो बंद करणारा माणूस पाहिजे. मी विचारलं भरती किती, तर उत्तर आलं ठेकेदार वर्षभर चालवून देणार आहे. आणि नंतर? त्यावर सगळे गप्प. इमारतीला निधी मिळतो, फीत कापायला माणसं मिळतात, पगाराची सोय नगरपालिकेने घरपट्टी-पाणीपट्टीतून करायची आणि ती वसुली किती होते ते दिसतंच आहे.

दुसरं म्हणजे गल्लीतले पाईप. चार दिवस लाईन रिकामी, वर गटार, पाणी सुटायच्या वेळी आणि बंद व्हायच्या वेळी जिथे जिथे फट आहे तिथून बाहेरचं आत ओढलं जातं, त्यात घरोघरी नळाला थेट मोटर लावलेली (मीच विकतो, नाही विकली तर शेजारचा विकेल). मोटर पाणीच ओढत नाही, गटार पण ओढते. म्हणून शेवटच्या नळाला सुद्धा लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे असा नियम आहे. आरोग्यवाले ओटी टेस्ट करतात ना, थेंब टाकला की पिवळं होतं, तीच. पिवळं झालं नाही तर प्लांटवर कितीही चकचकीत टाइल्स असू दे.

अजून एक, लोकांना वाटतंय नवीन पाण्यात डाळ लवकर शिजेल. नाही हो. गाळ जातो, जंतू मरतात, क्षार तसेच राहतात. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही म्हणून जे नळाच्या पाण्याची वाट बघतात त्यांचं नदीच्या पाण्यावर आधीच बरं चाललंय, त्यात फरक पडणार नाही.

माझी मागणी एकच, नगरसेवकांच्या कानावर घालून आलोय. प्लांटच्या गेटवर फळा लावा आणि रोज खडूने लिहा, आज गढूळपणा किती, तीन गल्ल्यांच्या शेवटच्या नळाला क्लोरीन किती. पन्नास रुपयांचा फळा. त्यावर एक जण म्हणाला की दादा, रोज लिहिणार कोण.

ट्रायल सुरू झाली की पहिले एक-दोन वेळा नळ आल्यावर सुरुवातीचं पाणी सोडून द्या, जुन्या लाईनीतला गंज आणि गाळ सुटून येणार आहे. घरची टाकी त्याआधी नाही, त्यानंतर धुवा. आणि रस्त्यापासून घरापर्यंतचा जुना लोखंडी तुकडा गटारातून गेला असेल तर तो बदलून घ्या, सामान माझ्याकडूनच घ्या असं नाही.